वाचून परत जातंय ते भूत

अप्पांच्या तोंडात ‘उद्या’ हा शब्दच नव्हता. अगदीच अडलं तर “आजच्या पुढचा दिवस” म्हणायचे, न्हाईतर सरळ वाराचं नाव घ्यायचे. चहावाला एकदा म्हणाला, “अप्पा, आलं संपलंय, आल्याचा चहा उद्या करतो की,” तर हे हातातला कप तसाच ठेवून उठले. “मग मी पण आज आलोच नाही समज.” आणि खरंच तीन दिवस त्याच्याकडं बघितलं न्हाई, चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच आल्याचा चहा आणून स्टुलावर ठेवला.

स्टूल त्यांचं स्वतःचं होतं, घडीचं, कॅनव्हासचं. त्याला सुतळीनं एक काळी छत्री बांधलेली. रोज धारवाडहून बसनं हुबळीला यायचे, एक पाय जरा ओढत, आणि नोंदणी कचेरीच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली स्टूल उघडून बसायचे. कुठली कचेरी ते मी सांगत न्हाई, मला अजून त्या दारापुढनं जायला लागतंय. खिशात त्या दिवसाचा कॅलेंडरचा कागद. रोज सकाळी घरच्या कॅलेंडरचा एक कागद फाडायचा, खिशात घालायचा, आणि दिवसभरात कचेरीतनं कोण कसं परत आलं ते त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायचं. संध्याकाळी चार वाजता चुरमुऱ्याचं गिरमिट खायचे. त्यातले कोरडे चुरमुरे आधी बाजूला काढायचे, कुणाचं लेकरू असलं तर त्याला द्यायला. माझ्या तनूला त्या चुरमुऱ्यांमुळंच ते आवडायचे. मला तर भ्याव वाटायचं त्यांचं.

भ्याव मला सगळ्याचंच वाटायचं तेव्हा. मी सातवी शिकलेली, ती पण मराठी शाळेत. कन्नड बोलते भडाभडा, वाचता म्हणून येत नव्हतं. बसवरचा बोर्ड पण दुसऱ्याला विचारायची. नवरा गोव्याला हॉटेलात, महिन्यानं येणार, पोर दीड वर्षाची कडेवर. आणि आमच्याजवळ काय होतं, तर मामानं दिलेली कलघटगी रस्त्याकडची दोन गुंठे जागा आणि तिच्यावरच्या दोन खोल्या. दिलेली म्हणजे, कागद झालेला. मामाला मूलबाळ न्हाई, मामी गेलेली, मीच त्याला भाकरी करून घालत होते. अक्षय तृतीयेला त्यानं बक्षीसपत्र लिहून घेतलं, सही केली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि म्हणाला, आता कचेरीत जाऊन नोंद केली की झालं.

मग मामाला ताप आला. मग पाऊस. आणि मग लागला अधिक महिना. मामा म्हणाला, “धोंड्याच्या महिन्यात जागेचं काम करत न्हाईत, संपू दे, श्रावणात करू.” मी पण म्हटलं बरं. कागद लिहिणाऱ्यानं चार महिन्याच्या आत नोंद करा म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या ध्यानात होतं, पण आमच्यात धोंडा धरतच न्हाईत की! वाढदिवस न्हाई धरत, लग्नाला न्हाई धरत, तर कागदाला कशाला धरतील, असं मला वाटलं. मी बोटावर मोजले आणि तो एक महिना बोटावरनं उडी मारून पलीकडं गेले. अजून पुष्कळ दिवस हाईत म्हणून निवांत होते.

धोंडा संपल्यावर मामाला घेऊन गेले. पहिल्या दिवशी कारकून म्हणाला, सर्व्हर न्हाई, नाळे बा. म्हणजे उद्या ये. दुसऱ्या दिवशी, शुक्रवार होता, परत नाळे बा. मी मामाला रिक्षात बसवत होते तर मागनं आवाज आला.

“ए बाई. आत काय म्हणाले?”

मी वळून बघितलं. स्टुलावर हा म्हातारा.

“नाळे बा म्हणाले.”

“मला म्हणतात ‘नाळे बर्री’. तुला ‘नाळे बा’. एकेरीत.” मग हसले न्हाईत, नुसती छत्री जरा बाजूला केली. “घराच्या दारावर लिहिलेलं वाचलंयस का कधी, नाळे बा म्हणून?”

वाचलं नव्हतं पण बघितलेलं होतं. आमच्या आज्जीच्या गावात दारादारावर खडूनं लिहिलेलं असायचं. भूत येतंय, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतंय, दार उघडलं की घेऊन जातंय. म्हणून दारावर लिहून ठेवायचं, नाळे बा. भूत येणार, वाचणार, बरं म्हणणार आणि परत जाणार. दुसऱ्या दिवशी परत येणार, परत वाचणार. असं जन्मभर.

“वाचून परत जातंय ते भूत,” अप्पा म्हणाले. “माणसानं वाचून परत जायचं नाही. माणसानं म्हणायचं, बरदु कोडरी. लिहून द्या. दाखव कागद.”

मी दाखवला. त्यांनी तारीख बघितली, खिशातला कॅलेंडरचा कागद काढला, ओठ हलवत मोजलं, आणि माझ्याकडं बघितलं.

“मंगळवारी संपतात चार महिने.”

“न्हाई हो अप्पा, अजून एक महिना हाय. मधे धोंडा आला नव्हं.”

त्यांनी डोळे मिटले. झेरॉक्सवाला खुदकन हसला. अप्पा म्हणाले, “सरकारला धोंडा नाही गं बाई.”

शनिवारी गेलो, सर्व्हर न्हाई. रविवार सुट्टी. सोमवारी पंचमी, कचेरीला कुलूप. मंगळवारी सकाळी नऊला मी मामाला घेऊन दारात. मामाच्या हाताला सलाइनची पट्टी तशीच होती, दवाखान्यातनं सांगून आणलेला. तो पायरीवर बसला, पोर त्याच्या मांडीवर. अकरा वाजले, एक वाजला, जेवायची सुट्टी झाली, तीन वाजले. मी आत जायची, कारकून हात हलवायचा, मी बाहेर यायची, अप्पा घड्याळ बघून लिहायचे. मला दरदरून घाम फुटलेला. साडेचारला अप्पा स्वतः उठले, पाय ओढत आत गेले, मी मागनं.

“आज शेवटचा दिवस आहे ह्या कागदाचा,” ते कारकुनाला म्हणाले, कन्नडमधे. “सर्व्हर नसू दे. नुसता हातात घ्या, आज आला म्हणून पाठीवर लिहा, शिक्का मारा.”

कारकून तरणा होता, गोरा, चांगला शर्ट. तो खुर्चीत मागं रेलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा रे, गुरुजी आले! हे आमचे गुरुजी. ह्याच खुर्चीत तीस वर्षं बसले. नाळे बा म्हणायला आमी ह्यांच्याकडनंच शिकलो, आणि आता हे आमाला शिकवायला आलेत.”

सगळे हसले. मी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं. कान लाल झालेले. मला ठाऊकच नव्हतं ते आतलेच म्हणून.

“हो,” अप्पा म्हणाले. “माझ्याकडनंच शिकलास. म्हणून सांगतोय. बरदु कोड.”

“नाळे बर्री, अप्पा.”

बाहेर आल्यावर ते स्टुलावर बसले, पिशवीतनं कार्बन काढला, मांडीवरच लिहायला लागले. तरी अक्षर सरळ. ‘आज कागद घेऊन जागा देणारा आणि घेणारी दोघं सकाळपासून हजर, सर्व्हर बंद म्हणून कागद घेतला नाही, तोंडी उद्या या म्हणून सांगितलं,’ असं. लिहिता लिहिता मला मराठीत सांगत होते. “कचेरी शिक्का देत नाही ना? पोस्ट देतंय. आजचा शिक्का पाहिजे, आजच्या पुढच्या दिवसाचा नको. पत्र ह्याच कचेरीला जाणार, त्यांनी घेतलं की पोचपावती तुझ्या घरी येणार, त्यांच्याच शिक्क्याची. कर सही. मामा, तुम्ही करा.” मामानं सही केली, मी मराठीत केली. “पाकीट तू चिकटव. तुझी थुंकी लागू दे, माझी नको. काम तुझं आहे.” त्या वेळी पण त्यांना हे सुचत होतं!

“पाचला खिडकी बंद. माझ्या पायानं व्हायचं नाही. पळ.”

मी पळाले. मामा पायरीवर, आणि पोर काय मला सोडेना, गळ्याला मिठी मारून बसलेली, तिला घेऊनच पळाले. रिक्षा मिळेना, पंचमीची गर्दी अजून ओसरलेली नव्हती, कोप्पीकर रोडला माणूस माणसाला चिकटलेलं, एक चप्पल तुटली ती तिथंच टाकली, कडेवर पोर रडतेय आणि मी पाकीट दातात धरलेलं, खरंच दातात, हातात घाम होता म्हणून. पोस्टात पोचले तर रांग. मी रडायलाच लागले. पुढचा माणूस म्हणाला, जा अक्का पुढं. खिडकीतला म्हणाला, पोचपावतीचं कार्ड भरून दे. मी म्हटलं मला कन्नड लिहायला येत न्हाई. तो मनगटावरचं घड्याळ बघायला लागला. रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरीनं माझ्या हातातनं ते घेतलं, माझं नाव पत्ता विचारला, भराभरा कन्नडात लिहिलं आणि आत सरकवलं. ठप्प करून शिक्का पडला. तो आवाज मी अजून विसरले न्हाई.

परत आले तर कचेरीचं दार बंद झालेलं, आणि अप्पा मामाला चहा पाजत बसलेले. मी पावती दाखवली. ते म्हणाले, “ही जप.” मी ती ब्लाउजात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर आला. आणि कारकून म्हणाला, ह्याची मुदत संपली, घेता येत न्हाई. अप्पांनी स्टूल उचललं, आत नेलं, साहेबांच्या टेबलापुढं उघडलं आणि बसले. “हेच लिहून द्या.” तीन दिवस बसले. कुणी बोलायला गेलं की एवढंच, बरदु कोडरी. चौथ्या दिवशी साहेबांनी वैतागून लिहून दिलं, मुदत संपली म्हणून कागद नाकारला. मला वाटलं, झालं, संपलं. अप्पा तर असे खुश, जसं काय लग्नाची पत्रिका आली. “आता ह्याच्यावर भांडता येतंय गं. तोंडी नाळे बा-वर कुठलं कोर्ट भांडणार?”

दंड घ्या पण कागद घ्या म्हणून वरच्या साहेबांकडं अर्ज केला. तो पण परत आला, पण तो पण लेखी.

पंधरा दिवसांनी मामा गेला.

मातीला मामाचा पुतण्या आला, त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. तेराव्यापर्यंत चांगला वागला. तेराव्याला जेवून हात धुता धुता म्हणाला, “अक्का, तुझा कागद म्हणजे रद्दी हाय. खोल्या कधी खाली करतीस? वकिलाला सांगून ठेवलंय मी, नोटीस येईल बघ कचेरीची.” नवरा तिथंच उभा होता, त्यानं नुसता टॉवेल पुढं केला. दुसऱ्या दिवशी तो गोव्याला गेला. मी दाराला आतनं कडी घालून पोरीला छातीशी धरून दुपारभर बसलेली. कुणी हाक मारली तरी ओ दिली न्हाई, ओळखीचा आवाज असला तरी न्हाई.

त्याच आठवड्यात पोस्टमन आला. कार्डासारखं काहीतरी, सगळं कन्नडमधे, आणि त्याच्यावर जांभळा गोल शिक्का. “कचेरीचा शिक्का हाय बाई, जपून ठेव,” म्हणून देऊन गेला. मी म्हटलं, हीच ती नोटीस. कुणाला दाखवली तर म्हणतील उत्तर दे, उत्तर दिलं न्हाई तर पोलीस येतील. दाखवलीच न्हाई तर आलीच न्हाई असं होईल. मी ती जोंधळ्याच्या डब्यात तळाला खुपसली, वर जोंधळे ओतले, झाकण लावलं आणि त्याच्यावर पाटा ठेवला.

आता मला लाज वाटते सांगायला. पण असं झालं.

अप्पांनी धारवाडला एक वकीलबाई गाठून दिल्या. अप्पांसारख्याच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी धारवाडच्याच हायकोर्टात रिट अर्ज घातला, मागणी एवढीच की कागद मंगळवारी आला होता असं धरा आणि नोंद करा. मी कोर्टात जाताना अप्पा बरोबर यायचे. हायवेच्या कडेला उतरलं की आत जायच्या आधी एक नेम होता, चपला झटकायच्या आणि पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “तारीख सांगतोय आजची. घरात एकाला तरी ठाऊक पाहिजे.”

कोर्टात सरकारी वकील उठले आणि म्हणाले, असं कुठलं पत्र कचेरीला मिळालेलंच नाही, आवक रजिस्टरात नोंद नाही. न्यायाधीशांनी आमच्या बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं. मी पावती काढली. ती पांढरी होती. पूर्ण पांढरी. ब्लाउजात, घामात, मशीनची शाई उडून गेलेली. नुसता कागद.

“पोचपावती?” बाईंनी हळूच विचारलं.

“आली न्हाई.”

बाहेर अप्पांनी पण तेच विचारलं. “घरी काहीच आलं नाही? पोस्टमनकडनं?” मी म्हटलं न्हाई. पावती म्हणजे बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी, असंच माझ्या डोक्यात होतं, पोस्टातलं ते कार्ड रडारडीत मी धड बघितलंच नव्हतं, आणि नोटिशीचं सांगायचं तर जीभच उचलेना. ते म्हणाले, “मग पोस्टाचीच चूक.” आणि त्या वयात तो माणूस तंगडी ओढत पोस्टात जायला लागला. ह्या खिडकीवर, त्या खिडकीवर. अर्ज, अर्जाची प्रत, प्रतीवर शिक्का. एकदा भर उन्हात परत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “पत्त्यात माझंच काही चुकलं काय गं? माझं अक्षर कळलं नसेल काय?” मी पहिल्यांदा त्यांना असं बघितलं. मी खाली बघून पोरीचं नाक पुसत बसले.

मग एक दिवस म्हणाले, “तू कन्नड वाचायला शिक. आजपासनं.”

“आता? तारीख जवळ आली हो अप्पा, मला भाकरी गोड लागत न्हाई.”

“म्हणूनच. भ्यायला अर्धा वेळ पुरतोय. उरलेल्या अर्ध्यात शिक.”

खडूनं पत्र्यावर लिहून दाखवायचे. पहिली तीन अक्षरं कुठली, तर ना, ळे, बा. ते म्हणाले, हे एवढं वाचायला आलं की भुताएवढी झालीस, पुढं माणूस हो. रोज विचारायचे, “काय भुताबाई, कुठवर आलीस?” झेरॉक्सचं दुकान वाचलं, बसचे बोर्ड वाचले. कन्नडातला ळ मला ओळखायला जमायचा न्हाई, ल म्हणूनच वाचायची, मग ते ओरडायचे, “नाले बा? नाल्यात बोलावतेस काय कुणाला?” झेरॉक्सवाला, चहावाला सगळे हसायचे. पोर पण हसायची. तनू माझ्या आधी ळ ओळखायला लागली.

एका सकाळी दळायला द्यायला जोंधळे काढत होते. डबा तळाला आलेला. हाताला कार्ड लागलं. मी ते बाहेर काढलं, पिठूळलेलं, आणि परत खुपसणार, तर डोळा गेला. एक अक्षर ओळखीचं. मग दुसरं. मी उंबऱ्यात उजेडात बसले आणि बोट ठेवून वाचायला लागले. माझं नाव होतं. पाठवणारी म्हणून माझं नाव. माझ्या गल्लीचं नाव. उलटं केलं, तर ज्याला पाठवलं त्या कचेरीचं नाव, कुणाची तरी सही, आणि जांभळ्या शिक्क्यात तेच कचेरीचं नाव, तारीख. ती नोटीस नव्हती. ते आमचंच पत्र मिळालं म्हणून त्यांनी मारून दिलेला शिक्का होता. सात महिने मी तो जोंधळ्यात पुरून ठेवला होता, आणि एका म्हाताऱ्याला उन्हात पळवत होते.

मी पोरीला उचललं, तशीच गेले. अप्पा नुकतेच स्टूल उघडत होते. मी कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, रडत. मला वाटलं आता हे छत्रीनं मारतील.

त्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं. जोंधळ्याचा एक दाणा चिकटला होता तो नखानं काढला.

“तू वाचलंस?” मग म्हणाले. “कुणी सांगितलं नाही ना? तूच वाचलंस?”

“व्हय.”

“चल. बस पकडू. वकीलबाई दहाला निघतात.”

बसमधे मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एक बाई होती. तुझ्यासारखीच, कडेवर पोर. तिला मी चार वेळा नाळे बा म्हणालो. तेव्हा सर्व्हर-बिर्व्हर काही नव्हतं, मला नुसतं जेवायला जायचं होतं. पाचव्यांदा ती आलीच नाही. मी बरेच दिवस दाराकडं बघायचो.” एवढंच. मी पुढं काय झालं विचारलं न्हाई, त्यांना पण ठाऊक नव्हतंच.

पुढच्या तारखेला बाईंनी कार्ड दिलं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून सरकारी वकिलांना विचारलं, हा शिक्का कुणाचा? ते फाईल चाळायला लागले. आत सगळं इंग्रजीत चालायचं, कोण काय म्हणालं ते बाईंनी नंतर सांगितलं, तेव्हा मी नुसती अप्पांच्या हाताकडं बघत होते. त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरलेली. मग बोटं सैल झाली, तेव्हा मला कळलं.

पण निकाल आला म्हणून कागद झाला न्हाई. निकालाची प्रत, मग पुतण्याची हरकत, मग ती उडाली, मग सर्व्हर. तोवर अप्पांचं येणं बंद झालेलं. दम लागायचा त्यांना. स्टूल झेरॉक्सवाल्यानं आत उचलून ठेवलं होतं. मी एकटीच जायची. तोच तरणा कारकून. एक दिवस त्यानं मान वर न करता म्हटलं, “नाळे बा.” मी म्हटलं, “बरदु कोडरी.” त्यानं वर बघितलं. मग पत्र्याकडं बघितलं, तिथं स्टूल नव्हतं. मग म्हणाला, “बसा अक्का.” बसा म्हणाला.

नोंद झालेला कागद घेऊन मी त्याच पावली धारवाडला गेले. अप्पांच्या सुनेनं दार उघडलं. आतल्या खोलीत खाटेवर पडलेले, बारीक झालेले. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याचे किती दिवसांचे कागद फाडायचे राहिलेले. मी कागद त्यांच्या हातात दिला. बोटांनी शिक्का चाचपला त्यांनी. डोळे मिटायला लागलेले.

“नंतर वाचू,” ते म्हणाले. “नाळे बा.”

त्यांच्या तोंडनं तो शब्द! सून दारातनं मला खूण करायला लागली, झोपू दे म्हणून. मी उठले. पोरीला कडेवर घेतलं, उंबऱ्यापर्यंत गेले. आणि मग परत फिरले.

“न्हाई अप्पा,” म्हटलं. “वाचून परत जातंय ते भूत.”

भिंतीवरचे मागचे सगळे कागद तनूनं फाडले, आजच्यावर आणून ठेवलं. मी खाटेशेजारी खाली बसले, कागद उघडला आणि बोट ठेवून वाचायला लागले. देणाऱ्याचं नाव, मामाचं. घेणारीचं नाव, माझं. मग जागेच्या चारी बाजू, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला दुसऱ्याचं घर. हळूहळू, अडत अडत. दक्षिणेला हळ्ळ, म्हणजे ओढा, ते मी ‘हल्ल’ वाचलं.

मिटल्या डोळ्यांनीच अप्पांचं बोट वर आलं.

“ळ,” ते म्हणाले.

मी परत पहिल्यापासनं वाचलं.